सूर्याचा वारा पृथ्वीच्या धुऱ्याआत शिरतो कसा?



आपल्या चामोर्शी भागात धानाच्या बांधीचा धुरा भक्कम असला, की शेजारचे पाणी आत येत नाही. धुऱ्याला तोंड पडले, की शिरलेच. पृथ्वीभोवतीही असा एक धुरा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, कारण तो मातीचा नसून चुंबकशक्तीचा आहे.

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने अखंड वाहत असतो. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र त्याला सुमारे ६५ हजार किलोमीटरवरच अडवते. बहुतेक वारा बाजूने निघून जातो.

मग काही आत येतो कसा? नुसत्या जोराने नव्हे, तर दिशेमुळे. हा वारा सूर्याचे चुंबकक्षेत्रही सोबत आणतो. धुऱ्यावर पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा उत्तरेकडे असते. येणारे क्षेत्र दक्षिणेकडे असले, तर विरुद्ध दिशांच्या बलरेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. हेच धुऱ्याला पडलेले तोंड! ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स डंजी यांनी १९६१ साली ही उकल मांडली. जोडलेल्या रेषा वाऱ्याबरोबर पृथ्वीमागे ओढल्या जातात, तिथे पुन्हा जुळतात आणि कण पृथ्वीकडे फेकले जातात. ते पृथ्वीभोवती फिरू लागले, की विजेचा प्रवाह निर्माण होऊन जमिनीवरचे चुंबकक्षेत्र उतरते.

असा मोठा उतार मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने २ सप्टेंबर १८५९ रोजी टिपला होता. तो सुमारे १६०० नॅनोटेस्लाचा होता. पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. तिथे आजही नोंदी होतात.

याचे आपल्याला काय? मार्च १९८९ मध्ये अशा वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहाच्या आधाराने चालणारे ट्रॅक्टर अडले. आपल्याकडेही शेतमोजणीत आता उपग्रहावर चालणारी यंत्रे आली आहेत. हातभर धुऱ्यासाठी भाऊ भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत. म्हणून आकडा भलताच आला, तर लगेच खुणा रोवू नका. फेरमोजणी मागा.

भारताचे आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून १५ लाख किलोमीटरवर राहून हा वारा आणि त्याच्या चुंबकक्षेत्राची दिशा मोजते. तिथून पृथ्वीपर्यंत यायला वाऱ्याला साधारण तासभर लागतो. पाणी येण्याआधी धुऱ्यावर फेरी मारणारा शेतकरी शहाणा, तसेच हे.