वर्गात पेंगणारे मूल

मेंदूतील गाठ काढून मूल शाळेत परतते, पण तासाला पेंगते. आपण त्याला आळशी ठरवतो. खरे कारण मेंदूच्या तळाशी असू शकते. तिथल्या हायपोथॅलॅमस या भागात झोपेचे घड्याळ असते. आपल्याला जागे ठेवणारे, १९९८ साली सापडलेले ओरेक्सिन हे रसायनही तिथल्याच पेशी बनवतात. क्रॅनिओफॅरिंजिओमाची गाठ याच भागालगत वाढते. गाठीने वा शस्त्रक्रियेने या पेशींना इजा झाली, तर रात्री पुरेसे झोपूनही दिवसा झोप आवरत नाही. मग लक्ष टिकत नाही, शिकवलेले लक्षात राहत नाही. किरणोपचारांनीही विचाराचा वेग मंदावू शकतो. मात्र झोपेच्या तक्रारीवर उपचार करता येतात. म्हणून मूल केव्हा, किती वेळ पेंगते याची नोंद आपण ठेवू या आणि ती पालकांमार्फत डॉक्टरांकडे पोचवू या.