उसातले उंदीर आणि पोटऱ्यांचा ताप

उंदराने उसाची कांडी कुरतडली की शेतकऱ्याला लगेच दिसते. त्याने सरीत केलेली लघवी दिसत नाही, आणि आम्हा डॉक्टरांचा संबंध येतो तो तिच्याशीच.

ऊस म्हणजे उंदरांचे माहेरघर. पीक वर्षभर उभे, खाली पाचट आणि ओल, खायला गोड, आणि रान झाकले की घुबडाच्या नजरेलाही काही पडत नाही. घूस तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले देते आणि ती पिल्लेही तीनेक महिन्यांत विण्याजोगी होतात. हिशेब वाचकांनीच करावा! तोड सुरू झाली की ही प्रजा शेजारच्या उभ्या फडात, गव्हा-हरभऱ्यात आणि गोठ्यात शिरते. एकट्याने औषध घातले तर रिकामी बिळे शेजारचे उंदीर भरतात. ते काम उन्हाळ्यात, संख्या कमी असताना, शिवारातील सर्वांनी मिळून करावे.

या उंदरांच्या मूत्रपिंडात लेप्टोस्पायरा नावाचा जंतू राहतो. उंदीर मात्र ठणठणीत! ओल्या, सावलीच्या मातीत जंतू आठवडेच्या आठवडे टिकतो आणि पायाच्या भेगांतून, पाचटाच्या ओरखड्यांतून अंगात शिरतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या इंगहॅम भागात १९३४ साली ऊसतोड कामगारांत हा रोग पसरला. पेटवलेल्या फडातच तोड करू, असा आग्रह धरून १९३५ मध्ये त्यांनी संप केला होता. आपण फड पेटवण्याची गरज नाही. गमबूट घालावेत, जखम झाकावी, सरीतल्या पाण्यात तोंड धुऊ नये.

भिजल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत थंडी वाजून ताप येतो, डोळे लाल होतात, पोटऱ्या हात लावू देत नाहीत. याच वेळी डॉक्टरकडे या आणि उसात काम केल्याचे आपणहून सांगा. डॉक्सीसायक्लिन किंवा पेनिसिलीन वेळेवर मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. पण पुष्कळजण दुखण्याच्या गोळ्या खात बसतात, त्या मूत्रपिंडाला आणखी जाच करतात. डोळे पिवळे झाले की काविळीची माळ बांधायला जातात. माळेशी माझे भांडण नाही, तिच्यापायी जाणाऱ्या चार दिवसांशी आहे. लघवी कमी झाली तर थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

उंदरांसाठी आणलेले झिंक फॉस्फाईड हाताने मळू नये, काठीने कालवावे. ते पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. पाकीट सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.