आईचे कष्ट, बाळाचे वजन

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने 1993 मध्ये पाबळ परिसरातील सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात बायकांची वजन-उंची दिवस जाण्यापूर्वीच नोंदली गेली. त्यांचे सरासरी वजन जेमतेम 42 किलो होते. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची जन्मली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे 3.5 किलोची. इथल्या बाळांचे स्नायू कमी भरलेले, पण कातडीखालची चरबी बरीचशी टिकून होती. पुढे मधुमेहाचा धोका वाढवणारी ही शरीराची ठेवण आहे.

नुसत्या उष्मांकांच्या हिशेबाने या फरकाचा उलगडा होत नव्हता. ज्यांच्या जेवणात दूध, फळे, हिरव्या पालेभाज्या वारंवार असत, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. शेतातले काम, पाणी भरणे, धुणे यांचा भार वाढला की बाळ लहान जन्मे. गरोदर सुनेला यांतल्या कोणत्या कामातून सुटका मिळते, हे घरात तिच्या शब्दाला किती किंमत आहे यावर ठरते. वैद्यकाचा प्रश्न इथेच अर्थशास्त्राचा होतो.

बालपणीचा आहार मोठेपणीच्या कमाईत कसा उतरतो, हे ग्वाटेमालातील चार गावांत पाहिले गेले. 1969 ते 1977 या काळात दोन गावांत प्रथिनयुक्त पेज दिली गेली, उरलेल्या दोन गावांत प्रथिने नसलेले गोड पेय. पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या मुलग्यांची तासाची मजुरी पुढे सुमारे 46 टक्क्यांनी जास्त निघाली. मुली शाळेत साधारण एक इयत्ता जास्त शिकल्या. मजुरीत मात्र त्यांना तसा लाभ दिसला नाही. अंगी बळ आणि शिक्षण आले तरी त्याचे दाम मिळवून देणारे काम बाईला मिळावे लागते.

आणि काम मिळाले तरी बाळाची सोय लागते. पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणला कामासाठी आलेल्या कित्येक कुटुंबांत आजी गावीच राहते, त्यामुळे तान्हे मूल सांभाळणार कोण हा प्रश्न रोजचा असतो. प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची केली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. छोट्या वर्कशॉपमध्ये राबणारी किंवा घरोघरी धुणीभांडी करणारी बाई या तरतुदीच्या बाहेरच राहिली, आणि पाळणाघराची गरज तर तिलाच सर्वांत जास्त आहे.