व्यसनमुक्ति आणि आदराचा उपचार

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वाघोली हें गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत सामील झालें. येथील भारतीय जैन संघटनेच्या शैक्षणिक केंद्रांत मेळघाटांतील आदिवासी मुलें शिकलीं आहेत. रानांतून शहरांत आलेल्या कुटुंबास शाळेप्रमाणेंच दवाखान्याचीहि पायरी चढावी लागते. तेथें त्यास कसें वागविलें जातें, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. व्यसनाच्या रोगांत तर विशेषच.

अफू, मॉर्फिन, हेरॉइन, 'गर्द' हीं सारीं एकाच कुळांतलीं. त्यांनीं वेदना शमते, पण मात्रा वाढली कीं श्वास मंदावून मृत्यु ओढवतो. एकदां शरीरास सवय जडली म्हणजे द्रव्य न मिळतांच अंगदुखी, अतिसार व निद्रानाश छळूं लागतात. म्हणून निव्वळ उपदेशानें हा रोग हटत नाहीं. ब्युप्रिनॉर्फिन ही तळमळ आवरतें. नॅलोक्सोन वेळीं दिल्यास थांबत आलेला श्वास परत येतो. कांहीं काळ व्यसन सुटल्यावर पूर्वींचीच मात्रा घेणें मात्र प्राणघातक ठरतें, कारण शरीराची सहनशक्ति ओसरलेली असते.

पुण्यांत गर्दचा फैलाव झाला तेव्हां १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं मुक्तांगण उभें केलें. व्यसनी मनुष्य गुन्हेगार नव्हे, रोगी होय, हें तेथील सूत्र.

त्यापुढील पाऊल गडचिरोलींत पडलें. तुम्ही दवाखान्यांत कां येत नाहीं, असें डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनीं गोंड लोकांस विचारलें. मोठ्या इमारतीचें भय वाटतें, पांढरे कपडे प्रेतावरच्या वस्त्रासारखे दिसतात, नातलगांस जवळ राहूं देत नाहींत, अशीं उत्तरें आलीं. मग दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधिला गेला, नातलगांची सोय झाली, आणि त्यास दंतेश्वरी मातेचें नांव मिळालें. मोहाच्या दारूस गोंडांच्या विधींत स्थान असतांहि दारूबंदीची मागणी गांवोगांवच्या लोकांनींच केली. १९९३ सालीं ती जिल्ह्यांत लागू झाली.

कॅनडांतील ब्रिटिश कोलंबियांत २०१६ सालीं अशा द्रव्यांच्या बळींमुळें आणीबाणी जाहीर झाली. तेथील मूळ रहिवाशांत हे मृत्यु इतरांहून अनेक पटींनीं अधिक आहेत. त्यांच्या उपचारांत औषधाबरोबर वडीलधाऱ्यांस व पारंपरिक विधींसहि स्थान दिलें जातें.

अपमान झालेला रोगी परत येत नाहीं. आणि या रोगांत परत न येणें म्हणजे पुष्कळदां मरणच. दारांत त्याची भाषा जाणणारा माणूस, उशाशीं नातलग, आणि दरडावणीऐवजीं "या, बसा" हे दोन शब्द, एवढें वाघोलीच्या दवाखान्यासहि साधण्यासारखें आहे.