तरवड, रुई आणि कोयता

अक्कलकोटला लोक स्वामींच्या दर्शनाला जातात. मीही जातो, पण खरं सांगायचं तर वटवृक्षाच्या देवळातून बाहेर पडलं की प्रसादाच्या रांगेआधी माझे पाय राजवाड्यातल्या शस्त्रागाराकडे वळतात. गेली वीसेक वर्षं मला पात्यांचं वेड आहे. मिटणारे चाकू नव्हेत, रानात न्यायच्या सुऱ्या. पातं मुठीत पक्कं बसलेलं, मुठीच्या आतला शेपटाही त्याच पट्टीचा. घरात या विषयावर बोलायला बंदी आहे, त्यामुळे संपादकांनी ‘ऐसपैस लिहा’ म्हटल्यावर मी संधी सोडणार नव्हतो.

संस्थानाचा इतिहास एका दमात उरकतो. मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू महाराज दक्षिणेत परतत असताना पारद गावाशी चकमक झाली. तिथल्या पाटलांच्या घरातला लहानगा राणोजी महाराजांच्या पदरात आला आणि तोच पुढे फत्तेसिंह भोसले, म्हणजे अक्कलकोटच्या गादीचा मूळ पुरुष झाला. १७०७ सालची ही गोष्ट. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. बाकी वंशावळ तज्ज्ञांनी सांगावी. मला त्यात रस एवढाच की त्या पाटलांचं आडनाव लोखंडे होतं.

शस्त्रागारात मी तलवारींपुढे थोडा आणि कट्यारींपुढे फार वेळ उभा राहतो. कट्यारीचं टोक नीट बघा. पातं निमुळतं होत जातं, पण शेवटच्या इंचाशी पुन्हा जाड केलेलं असतं. साखळीच्या चिलखताची कडी फोडायची तर बारीक टोक मोडणारच, म्हणून तिथे माल ठेवलेला. काय कापायचं हे आधी ठरतं, पात्याचा आकार मागून येतो. ही गोष्ट मला पुस्तकातून नाही, काचेच्या कपाटाला नाक लावून कळली.

आता पोलाद. अक्कलकोट तालुक्यात मराठीइतकीच कन्नड कानावर पडते. कन्नडमध्ये लोखंडाला कब्बिण आणि पोलादाला उक्कु म्हणतात. याच उक्कुचा कुणीतरी ‘वूट्झ’ करून ठेवला आणि जगभरच्या ग्रंथांत तेच नाव बसलं. मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे पाठवले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सनने रॉयल सोसायटीत त्यावर निबंध वाचला. मग मायकेल फॅरेडे त्याच्या मागे लागला. विजेवाला फॅरेडे, हो. तो लोहाराचा मुलगा होता. स्टोडार्ट नावाच्या, सुऱ्या-शस्त्रं बनवणाऱ्या कारागिराच्या जोडीने त्याने या पोलादाची नक्कल करण्यात काही वर्षं घालवली.

पण माझा जीव अडकलाय तो जे. एम. हीथच्या १८३९ सालच्या वर्णनात. दक्षिणेतले कारागीर मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे घालत, सोबत तरवडाची वाळकी लाकडं, वरून रुईची पानं, आणि मूस मातीने बंद करून भट्टीत ठेवत. तरवड आणि रुई! सोलापूर सोडून अक्कलकोटच्या वाटेला लागलात की दोन्ही बाजूंना तेच तर माजलेलं असतं. लाकूड जळताना त्यातला कार्बन लोखंडात मुरायचा, अगदी दीड टक्क्याच्या आसपास. मूस सावकाश निवली की आत कठीण कार्बाइडचे बारीक कण तयार होत. बेताच्या आचेवर पुन्हा पुन्हा ठोकून पातं घडवताना हे कण ओळींनी बसत आणि पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. तिला जौहर म्हणतात. व्हर्होव्हेन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे लोहार, या अमेरिकन जोडीने अलीकडे दाखवून दिलं की नक्षीचं गुपित खनिजात किंचितशा असलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंत होतं. त्या खाणी संपल्या आणि नक्षी गेली, असा त्यांचा तर्क. हे पोलाद तेलंगणातल्या कोनासमुद्रमला निघे आणि इराणपर्यंत जाई. हीथचं वर्णन वाचल्यापासून मी तरवडाची पिवळी फुलं दिसली की गाडी हळू करतो. बायकोला वाटतं मला फुलं आवडतात.

हे जुनं झालं. आजच्या रानातल्या पात्याचा धडा मला मैंदर्गीच्या रस्त्याला एका लिंबाखाली मिळाला.

माझी एक परदेशी सुरी. डी-टू पोलाद, दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोम, डब्यावर कठीणपणाचा आकडा साठ. नान्नजच्या माळढोकाच्या माळावरून आम्ही पक्षी बघून परतत होतो. वाटेत चुलीपुरतं जळण म्हणून वेड्या बाभळीच्या वाळक्या फांदीवर मी ती हाणली. गाठीवर बसली. धारेतून ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा उडाला. काही दिवसांनी अक्कलकोटला आलो तेव्हा ती पिशवीत होती. लिंबाखालच्या लोहाराकडे नेली. घिसाडी कुटुंब होतं, मामा सांडशीने पातं धरायचे आणि मामी घण घालायच्या, एकही घाव इकडेतिकडे नाही. मामांनी सुरी उलटीसुलटी केली, धारेवर कानस टेकवून ओढली. कानस घसरली.

“अण्णा, याला लई पानी पाजलंय. काच झालीया.”

अगदी खरं होतं. डी-टूमध्ये क्रोमच्या कार्बाइडचे खडे मोठे असतात. धार टिकते, पण आडवा दणका बसला की त्या खड्यांच्या कडेने भेग जाते. दोर कापायला, कातडं सोलायला छान. बाभळीला नाही.

मग त्यांनी कोयता दाखवला. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेला. पाट्यात कार्बन अर्धा-पाऊण टक्का, आणि दणके खाण्यासाठीच जन्मलेलं पोलाद. मी हट्टाने पाणी पाजताना बघायला बसलो. भट्टी सावलीत होती, कारण उन्हात लालीचा रंग कळत नाही. धारेची बाजू लाल झाली (साधारण सव्वासातशे अंशांपुढे लोखंडाची घडण बदलते, कार्बन त्यात विरघळतो). मामांनी फक्त धार, दोन बोटं खोल, पाण्यात बुडवली आणि हलवत ठेवली. चर्र आवाज झाला. कार्बन जिथल्या तिथे अडकला, धार काचेसारखी झाली. मी म्हटलं, झालं. पण खरं काम आता होतं. पाठीचा भाग अजून तापलेला. त्यांनी पातं बाहेर काढून विटेच्या तुकड्याने धार घासून उजळ केली आणि गप्प बसले. पाठीची धग धारेकडे सरकत आली तसे उजळ लोखंडावर रंग चढले: कडब्याचा पिवळा, मग तांबूस, मग वांग्याचा जांभळा. जांभळा धारेशी टेकतो न टेकतो तोच सगळा कोयता पाण्यात. पिवळ्यावर थांबवला असता तर कडक राहिला असता आणि तुटला असता. निळा होऊ दिला असता तर मऊ पडला असता. पिवळ्यापासून निळ्यापर्यंत फरक ऐंशी अंशांच्या आत-बाहेर. घड्याळ नाही, तापमापक नाही.

पुन्हा कानस लावली. या वेळी ती किंचित चावली. हेच हवं. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, बुडख्यातच साखर जास्त. म्हणजे दर चार-दोन घावांनी कोयता मातीत, खड्यात. तिथे साठ आकड्याची धार तासभर टिकायची नाही. कोयत्याची वाकते, बोथट होते आणि फडातच कानशीने परत उभी राहते. ऊसतोडीत मुकादम नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणून उचल देतो. पात्याच्या नावाने माणसं मोजायची ही रीत माझ्या घशाखाली उतरत नाही, पण पात्याचं वजन त्यावरून कळावं.

धारेचा आकार हा तर माझा आवडता वाद. हौशी मंडळी पोलादाच्या नावांवर भांडतात. माझ्या मते नाव शेवटी येतं. पातं कसं कापतं हे धारेच्या अगदी मागे किती माल आहे यावर ठरतं. घरातली विळी भाजी सरसर चिरते कारण तिथे जेमतेम माल आहे. स्कँडिनेव्हियाकडच्या सुऱ्या एकाच सपाट उताराच्या, लाकूड तासायला अप्रतिम, पण हाडावर धार मुडपते. मध्ये पोकळ घासलेल्या दिसायला देखण्या, आणि मला त्यांचा भरवसा नाही. कोयत्याची धार फुगीर असते, तांदळाच्या दाण्याच्या कुशीसारखी. मामा कानस फिरवताना मनगट जरा डोलवतात, त्यातून ती कूस येते. लाकडात शिरताना ती दोन्ही बाजूंना फाका ढकलते, त्यामुळे पातं अडकत नाही. मी कॅलिपर काढून पाठ मोजली, पावणेपाच मिलिमीटर. मामी हसल्या.

कायद्याचं एक वाक्य लिहायलाच हवं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांत येतं, शेतीची आणि घरगुती अवजारं सोडून. आणि कृपा करून कमरेला सुरी लटकवून एसटीत चढू नका.

माझ्या सुरीचा खड्डा मामांनी हाताने फिरवायच्या सहाणेवर काढला. दर दोन घासण्यांनी पाण्यात बुडवत, कारण धार एकदा घासताना निळी पडली की तिचं पाणी उतरतं. पूर्वी एकदा विजेच्या चाकावर माझं एक पातं असंच वाया गेलं होतं. काम झाल्यावर त्यांनी धारेला तीच फुगीर कूस दिली. आता ती बाभळीला घाबरत नाही, टोमॅटोला मात्र चिरडते.

मी कोयताही घेतला. निघताना मामींनी बजावलं, करडईचं तेल लावा. मला हसू आलं, पण करडईचं तेल हवेत सुकून पातळ पापुद्र्यासारखं बसतं. जुन्या कारागिरांचं रोगण त्यापासूनही होई. फक्त थर जाड लावला की चिकट होतो, हा माझा अनुभव.

खंडेनवमीला आईने पाटावर सुरी आणि कोयता मांडला, झेंडू वाहिला, ओलं कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी फुलं काढली तेव्हा परदेशी सुरी लखलखीत होती. कोयत्यावर, कुंकवाच्या जागी, गंजाचा तांबडा गोल टिकला उमटला होता. आई म्हणाली, “राहू दे तो, पुसू नकोस.” मी करडईचं तेल त्याच्या कडेकडेने लावलं.