मत्स्यतळ्यातील पाणवनस्पती : उपयोग व प्रमाण

भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील जुन्या मालगुजारी तलावांवर भातशेतीबरोबर मत्स्यव्यवसायही चालतो. पावसाळ्यात आभाळ भरून असताना कधी कधी असे घडते की, सायंकाळी धडधाकट दिसलेले मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात आणि उजाडेपर्यंत वर्षाची कमाई मरून पडते. कोणी विष घातले, असा संशय येतो. परंतु पुष्कळदा कारण तळ्यातच असते.

पाणी कसे बिघडते

माशांच्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो. उरलेली पेंड, कोंडा व विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिले दोन पदार्थ माशांना घातक आहेत. तिसरा तितका घातक नाही. मात्र तो साचला की शेवाळ माजते.

वनस्पतींचे कार्य

पाणवनस्पती अमोनिया व नायट्रेट खत म्हणून शोषून घेतात. काठाजवळचे कमळ व पाणकणीस गाळ अडवितात. बुडालेली हायड्रिला उन्हात पाण्यात प्राणवायू सोडते. परंतु रात्री याच वनस्पती माशांप्रमाणे प्राणवायू घेतात. म्हणून सूर्योदयापूर्वी त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. रोहू, कटला व मृगळ यांना दर लिटर पाण्यात सुमारे ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे व्याकूळ होतात. वनस्पती दाट असतील आणि दिवसभर ऊन पडले नसेल, तर ही पाळी लवकर येते. जलपर्णी तर सगळे पृष्ठ झाकून ऊन व वारा दोन्ही अडविते. ती तळ्यात राहू देऊ नये.

प्रमाण कसे राखावे

१. तरंगत्या वनस्पतींनी पाण्याचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग व्यापू नये. अझोला बांबूच्या चौकटीत ठेवावा.

२. वाढलेली वनस्पती नियमितपणे काढून काठापासून दूर टाकावी. ती पाण्यातच कुजली, तर शोषलेले सर्व द्रव्य तळ्यात परत जाते. काढलेल्या वनस्पतीचे कंपोस्ट करावे.

३. सर्व तण एकाच दिवशी औषधाने मारू नये. कुजणारे तण उरलासुरला प्राणवायूही संपविते. ते हाताने, थोडे थोडे काढावे.

४. हायड्रिला वाढत असेल, तर थोडे गवत्या मासे सोडावेत. ते जलपर्णी मात्र खात नाहीत.

५. हात पाण्यात सरळ बुडवावा. पाणी कोपरापर्यंत येण्याआधीच तळवा हिरवटपणात दिसेनासा झाला, तर खत व खाद्य थांबवावे.

पहाटे मासे वर येत असल्यास खाद्य तत्काळ बंद करावे, ताजे पाणी सोडावे, अथवा पंपाने तळ्यातील पाणी उंचावरून परत तळ्यातच पाडावे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील काही गावांत ढिवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनी तलावातील बेशरम उपटून त्या जागी स्थानिक पाणवनस्पती लावल्या आहेत. कोणती ठेवावी व कोणती काढावी, हे त्या तळ्यावर राबणाऱ्यांनाच उत्तम ठाऊक असते. ग्रामकार्यकर्त्यांनी प्रथम त्यांना विचारावे, आणि पावसाळ्यात एकदा तरी पहाटे त्यांच्यासह तळ्यावर जाऊन पाणी पाहावे.