कॅल्शियम कमी झालं, तर स्नायू ढिले पडायला हवेत ना?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मित्रांनो, आजचा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास गोंधळ उडवतो. स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं, हे आपण बारावीतच शिकलोय. मग रक्तातलं कॅल्शियम घटलं की स्नायू ढिले पडायला हवेत. घडतं मात्र उलटंच! बोटं आखडतात, पोटऱ्यांत गोळे येतात, ओठांभोवती मुंग्या येतात. याला टेटनी म्हणतात. (धनुर्वात वेगळा, तो जिवाणूच्या विषामुळे होतो.)

आधी कॅल्शियम घटतं का, ते बघू. गळ्यात थायरॉइडच्या मागच्या बाजूला सहसा चार छोट्या परावटू ग्रंथी असतात. त्यांचं संप्रेरक हाडांतून कॅल्शियम सोडवतं, मूत्रपिंडांना ते राखून ठेवायला लावतं आणि ड जीवनसत्त्व सक्रिय करून आतड्यातलं शोषण वाढवतं. प्रौढांमध्ये या ग्रंथी मंदावण्याचं मुख्य कारण म्हणजे गळ्याची शस्त्रक्रिया. थायरॉइड काढताना त्या दुखावतात किंवा सोबत निघून जातात. १९०९ मध्ये मॅकॅलम आणि व्होग्टलिन यांनी परावटू काढलेल्या कुत्र्यांना कॅल्शियम टोचून टेटनी थांबवून दाखवली.

म्हणजे कमतरता कॅल्शियमचीच. पण कुठल्या कॅल्शियमची? खरी मेख इथे आहे. पेशीबाहेर मुक्त कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त असतं, आणि दोघांची कामं वेगळी. बाहेरचं कॅल्शियम चेतातंतूच्या पटलावरच्या सोडियम वाहिन्यांना आवर घालतं. १९५७ मध्ये फ्रँकनहॉयझर आणि हॉजकिन यांनी स्क्विडच्या चेतातंतूवर दाखवलं, की बाहेरचं कॅल्शियम एक पंचमांशावर आणलं तर वाहिन्यांवर होणारा परिणाम पटलाचं विध्रुवण १० ते १५ मिलिव्होल्टने केल्यासारखाच असतो. थोडक्यात, आवर सुटतो, चेतातंतू जराशा कारणाने चेततो आणि स्नायूवर आदेशांचा भडिमार होतो.

मग स्नायू आकुंचनासाठी कॅल्शियम आणतो कुठून? स्वतःच्या पेशीतल्या कोठारातून. १९७२ मध्ये आर्मस्ट्राँग, बेझानिला आणि होरोविच यांनी बेडकाच्या स्नायूतंतूभोवतीचं कॅल्शियम जवळपास शून्यावर आणलं, तरी तो आकुंचन पावत राहिला. हृदयाचं मात्र तसं नाही. १८८३ मध्येच रिंगर यांनी दाखवलं होतं, की बाहेर कॅल्शियम नसेल तर बेडकाचं हृदय थांबतं. म्हणून तीव्र कमतरतेत हात-पाय आखडतात, आणि हृदय मात्र दुबळं पडू शकतं. घटक एकच, पण तीन ऊतींत तीन निकाल!

आता यातला धोका बघा. काही रुग्णांत मांड्या-खांदे अशक्त होतात आणि रक्तात क्रिएटिन कायनेज वाढलेलं सापडतं. बायोप्सीत फारसं काही दिसत नाही. अशा वेळी स्नायूंचा दाह समजून स्टेरॉइड सुरू केलं, तर ते आतड्यातलं कॅल्शियमचं शोषण आणखी घटवतं. म्हणजे आगीत तेल! खरं तर आधी कॅल्शियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि परावटू संप्रेरक या साध्या रक्ततपासण्या हव्यात. ग्रंथी मंद असतील तर कॅल्शियम सहसा कमी, फॉस्फेट जास्त आणि संप्रेरक कमी किंवा अपेक्षेपेक्षा कमी दिसतं. कॅल्शियम आणि सक्रिय ड जीवनसत्त्व दिल्यावर ताकद परतल्याच्या आणि कायनेज उतरल्याच्या नोंदी आहेत.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. हे कायनेज वाढतं कशामुळे? एक गृहीतक म्हणतं, सततच्या पेटक्यांनी स्नायूला इजा होते. दुसरं म्हणतं, कमी कॅल्शियममुळे पटलच गळकं होतं. टेटनी न झालेल्या रुग्णांतही कायनेज वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे पहिलं गृहीतक एकट्याने पुरत नाही. दोन्ही वेगळी करून दाखवणारा प्रयोग कसा आखाल? नियंत्रण गट कोणता घ्याल? एका पानात लिहून बघा. आणि त्या पानावर जिथे जिथे ‘कॅल्शियम’ येईल, तिथे ते पेशीच्या आतलं की बाहेरचं, हे नक्की लिहा.